मांडीवरचा 'स'

भाषा हे मांडीवर मिळणारं पहिलं धन असतं, आणि ज्याचे उच्चार ढिले त्याचं चारित्र्यही ढिलं, असं भालचंद्र उकिडवे दर गणेशोत्सवात मंडळाच्या शुद्ध उच्चार स्पर्धेचा निकाल जाहीर करण्यापूर्वी सांगत, आणि कोलकात्यातली पन्नास-साठ मराठी माणसं प्रसादाच्या पातेल्याकडे नजर ठेवून ते ऐकून घेत. मांडी म्हणजे अर्थातच आईची. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र नातीच्या आईची मांडी सकाळीच न्यू टाउनच्या ऑफिसात जायची, संध्याकाळी उशिरा परत यायची, आणि आली तरी तिच्यावर लॅपटॉप असायचा. बापाच्या मांडीचा प्रश्नच नव्हता. त्यांचा मुलगा विराज महिन्यातले निम्मे दिवस भुवनेश्वरला असे. तेव्हा भाषेचं सगळं धन एकट्या भालचंद्रांच्या मांडीवर येऊन पडलं होतं. ही मांडी खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सच्या नोकरीत लोकांच्या पेट्या उघडून बघण्यात झिजली होती. आत काय आहे हे पेटी उघडण्याआधीच कळतं, अशी त्यांची तेव्हा ख्याती होती. निदान ते तसं सांगत.

त्या दिवशी लिफ्टमध्ये जे झालं ते खरं म्हणजे काहीच नव्हतं. जानेवारीची धुरकट सकाळ, तळ्यावर फिरून परत येताना नात मानसी त्यांच्या कडेवर, आणि चौथ्या मजल्यावरचे दत्तबाबू तोंडाला मास्क लावून शेजारी उभे. दत्तबाबूंनी मास्कच्या आतून तिला बंगालीत काहीतरी विचारलं, कुठे गेली होतीस वगैरे. मानसीने पुढे वाकून दोन्ही हातांनी त्यांचा मास्क हनुवटीखाली ओढला. आणि थांबली. हसली नाही, खोडी केल्यावर मुलं जशी पळवाट शोधतात तशी तिने भालचंद्रांच्या खांद्यात मानही खुपसली नाही. पाणी यायच्या वेळेला नळाकडे बघावं तशी ती दत्तबाबूंच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. दत्तबाबू मोठ्याने हसले, "नातीला म्हाताऱ्याच्या कवळीची काळजी दिसते," म्हणाले, आणि प्रश्न पुन्हा विचारला. मग तिने उत्तर दिलं. दिलं म्हणजे, तिच्या पद्धतीने. भालचंद्र तिला "असं करू नये" असं शुद्ध मराठीत म्हणाले आणि लिफ्ट थांबली. दार उघडलं, लोखंडी जाळी खडखडली, आणि त्या खडखडाटाकडे मानसीने वळून पाहिलं. बरोबर पाहिलं. हे त्यांना बरं वाटलं, आणि बरं का वाटावं हे कळलं नाही.

घरात शिरल्यावर मानसीची आया झरना पुढे आली, मानसीला घेतलं, बूट काढले, एक शब्द बोलली नाही. तिने बोलायचं नाहीच अशी अट होती. ती अट भालचंद्रांची. झरनाच्या आधी मिनती होती, मानसी पाळण्यात असल्यापासूनची. काळी, ठेंगणी आणि अखंड बोलणारी. भांडी घासताना बोलायची, मानसीला भात भरवताना तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलायची, भाताशी बोलायची, बाहेर कावळा दिसला तर त्याच्याशी. सगळं बंगालीत, आणि बंगाली माणसाचा 'स' म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे. तो सकाळी 'श' होतो आणि रात्रीपर्यंत 'श'च राहतो. भालचंद्रांचा जन्म याच शहरातला, शाळा इथली, बंगाली त्यांना मिनतीइतकी येत होती, पण तीन पिढ्या इथे राहून आपल्या जिभेला काही चिकटलेलं नाही याचा त्यांना असा अभिमान होता, जसा काही लोकांना कधी दवाखाना न पाहिल्याचा असतो. मानसी तीन वर्षांची होत आली आणि सून केतकी म्हणू लागली, "बाबा, ही साखरेला आखर म्हणते. चमच्याला अम्मा. काहीतरी आहे." केतकी नाशिकची. नाशिकची माणसं उगाच घाबरतात असं भालचंद्रांचं मत होतं, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, फक्त म्हणाले, "माझ्याजवळ ती साखर म्हणते. स्वच्छ म्हणते. बस इथे, ऐक." आणि मानसीला समोर तोंड करून मांडीवर घेतलं. म्हण, साखर. मानसीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली. "बघ," भालचंद्र म्हणाले. केतकी म्हणाली, "बाबा, ती आखरच म्हणाली." "तू ऑफिसातून थकून येतेस," भालचंद्र म्हणाले.

मग तर्क सरळ होता. मुलगी आजोबांच्या मांडीवर बरोबर बोलते आणि बाकी दिवसभर चुकीचं. बाकी दिवसभर तिच्याजवळ कोण असतं? पेटी न उघडता आत काय आहे ते कळलं. त्या वर्षी दुर्गापूजा झाल्यावर मिनतीला साडी, मिठाई आणि रजा देण्यात आली. ती दारात उभी राहून "दादू, आमि की कोरलाम?" एवढंच विचारत होती, मी काय केलं, आणि भालचंद्र तिला समजावत होते की तू काही केलेलं नाहीस, प्रश्न भाषेचा आहे, आणि हे ते तिला उत्तम बंगालीत समजावत होते. मानसी मागून तिचा पदर धरून होती. मिनती गेल्यावर ती बराच वेळ दाराच्या फटीपाशी बसली. रडली नाही. दुपारी मागे बघून "मा-ई" म्हणाली, म्हणजे माशी, बंगालीतली मावशी. आणि भालचंद्रांना तो उच्चारही घरातून गेलेला बरा असं वाटलं. आया सेंटरमधल्या बाईला त्यांनी फोनवर सांगितलं की आम्हाला मुलाशी न बोलणारी आया हवी. मग तिने विचारलं, "बोबा चाई?" मुकी पाहिजे का? तशी एक आहे, पण ती बेहाला भागात एका घरी लागलेली आहे, महिनाअखेर सुटेल. भालचंद्रांनी सांगितलं की मुकी नको, हुकूम कळला पाहिजे. फक्त तोंड बंद. अशी आली झरना. तिने ही अट इतकी चोख पाळली की कधी कधी भालचंद्रांनाच दचकायला होई. वळून बघावं तर ही मागे उभी, हातात दुधाचा पेला. विराज एकदा भुवनेश्वरहून आला तेव्हा म्हणाला होता, "बाबा, घर लायब्ररीसारखं झालंय." ही स्तुती आहे असं समजून भालचंद्रांनी मान हलवली होती.

खुर्चीत बसून ते हे सगळं आठवत होते असं नाही. ते आठवायचं टाळत होते, आणि टाळायचं म्हटलं की ते एकेक करून पुढे येत होतं. सकाळचं वेखंड, उदाहरणार्थ. सहाणेवर वेखंडाचे दोन वेढे, मधाचं बोट, आणि मानसीच्या जिभेवर ते बोट. जीभ हलकी होते, वाचा फुटते. हे त्यांच्या आईने त्यांना केलं होतं, त्यांनी विराजला. वेखंड पुण्याहून येई, कोणी येणारं असलं की त्याच्याबरोबर. मानसीचं तोंड कडू होई, डोळे मिटत, सगळा चेहरा एका ठिकाणी गोळा होई, पण ती कधी नाही म्हणाली नाही, कारण त्यानंतर मांडी असे. मांडीवर बसून ती आपला उजवा तळवा त्यांच्या गालावर ठेवायची. पहिल्यांदा तिने तसं केलं तेव्हा भालचंद्रांना पुढचा शब्द सुचेना. बायको हेमा जाऊन सात वर्षं झाली होती, आणि न्हाव्याशिवाय त्यांच्या चेहऱ्याला कोणी हात लावलेला नव्हता. लहानसा, जरा चिकट, ऊन ऊन तळवा. त्यांनी 'साखर' म्हटलं की तो तळवा जरा दाबला जाई. 'आबा' म्हटलं की बोटं ओठांच्या कडेला सरकत. रात्री दिवा मालवल्यावर त्यांना तो तळवा गालावर जाणवे आणि ते कूस बदलत नसत. आयुष्यात आपल्यावर विनाकारण प्रेम करणारं एक माणूस आहे, असं त्यांनी स्वतःशी मान्य करून टाकलं होतं, आणि या वयात मान्य केलेल्या गोष्टी माणूस पुन्हा तपासत नाही. आता दत्तबाबूंच्या हनुवटीखालचा तो मास्क. तीच नजर. दत्तबाबूंवर तिचं प्रेम असण्याचं काही कारण नव्हतं.

दुपारी मानसी दिवाणखान्यात पाठमोरी बसून खेळण्यातल्या कढईत बटणं ढवळत होती. झरना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, भिंतीला टेकून. भालचंद्र खुर्चीतून म्हणाले, "मानू." ती वळली. ही ती नेहमीची साक्ष होती, याच्यावरच सगळं घर उभं होतं: हाक मारली की बघते. दुर्गापूजेच्या ढाकावर, त्या मोठ्या ढोलावर, नाचते, दार आपटलं की दचकते, कुकरची शिट्टी झाली की... कुकरच्या शिट्टीपाशी ते थांबले. शिट्टी झाली की झरना उठते, आणि झरना उठली की मानसी उठते. मानसी पुन्हा पाठ करून बसली होती. भालचंद्र म्हणाले, "साखर हवी का?" बटणं ढवळली जात राहिली. "चिऊ आली बघ. चिऊ." ढवळणं चालूच. तिला खेळात रस आहे, मुलं अशीच एकाग्र असतात, विराजही होता. ते उठले, खुंटीवरची मफलर घेतली, नाकापासून खाली गुंडाळली, आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघ्यांनी केलेली तक्रार ऐकत. "सशाला शिंगं नसतात," ते मफलरीतून म्हणाले. हे वाक्य ते गेल्या दिवाळीपासून रोज म्हणत होते, आणि ती ते रोज त्यांच्या मागून म्हणत होती, मांडीवर. आता तिने त्यांच्याकडे पाहिलं. हसून मफलर ओढली. त्यांनी ती घट्ट धरली. पुन्हा म्हणाले. तिने पुन्हा ओढली, जोरात. आता हसत नव्हती. ओढून निघेना म्हणून तिने बोटं आत घालायचा प्रयत्न केला, नखं लागली, आणि मग तिचा चेहरा वेखंडाच्या वेळेसारखा एका ठिकाणी गोळा झाला आणि ती रडू लागली, मोठ्याने, फक्त स्वरांचं रडणं. झरना उठून उभी राहिली होती. काही बोलली नाही, बोलणार कशी. भालचंद्रांनी मफलर खाली केली. मानसीचं रडणं हळूहळू उतरलं. नाक वाहत होतं, हुंदके येत होते, पण तिने ओला तळवा त्यांच्या गालावर ठेवला आणि वाट पाहू लागली. कामाला बसल्यासारखी. त्यांच्या लक्षात आलं की ती बिचारी रोज इथे कामाला येत होती. त्यांना तो तळवा गालावरून काढून टाकावासा वाटला, आणि त्या वाटण्याची त्यांना जी लाज वाटली ती पुढे बरेच दिवस पुरली.

कारण पुढचे बरेच दिवस त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये उच्चारवर्ग नेहमीप्रमाणे घेतला. सहा-सात मुलं, सगळी बंगाली शाळांतून किंवा इंग्रजीतून आलेली, मराठी म्हणजे आईने रागावताना वापरायची भाषा. पण अलीकडे मुलांचे उच्चार कमालीचे सुधारले होते. पूर्वी एकेका पोरामागे घसा कोरडा पडे, आता गेली काही वर्षं चूक शोधावी लागे, आणि परवाच्या गणेशोत्सवात तर पहिलं बक्षीस कोणाला द्यावं हाच प्रश्न पडला होता. मग घरातलीच एक का अशी, हा विचार त्यांनी हॉलच्या पायऱ्या उतरताना केला आणि तो विचार त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत आला. आपण सांगितलं नाही तर अजून ते झालेलं नाही. कस्टम्समध्येही पेटी जोवर उघडत नाही तोवर आतल्या मालाला नाव नसतं. रात्री केतकी एकटी जेवत होती, डाव्या हाताने फोन बघत, आणि ते तिच्यासमोर येऊन बसले.

"केतकी, मानूचे कान एकदा दाखवून आणू."

तिने फोन उलटा ठेवला. "का?"

"सहज."

"सहज?" ती म्हणाली. "जन्मली तेव्हा लॉकडाउन होता, हॉस्पिटलने सांगितलं कानांची तपासणी नंतर करून घ्या. मी तेव्हापासून म्हणतेय. तुम्ही काय म्हणायचात? उकिडव्यांच्या घरात बहिरं कोणी नाही."

"नाहीच."

"विराज म्हणायचा, हाक मारली की बघते ना. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, लॉकडाउनची मुलं उशिराच बोलतात. मग मलाही वाटायला लागलं, आपणच वेडे." तिने ताटातली पोळी बारीक बारीक तोडली, खाल्ली नाही. "तुमच्या मांडीवर पोपट आणि माझ्या मांडीवर मुकी. मला वाटायचं, माझ्यावर रागावलीय. ऑफिसला जाते म्हणून."

भालचंद्रांना काहीतरी म्हणायचं होतं. ते म्हणाले, "पोळी गार होतेय."

बायपासजवळच्या त्या हॉस्पिटलात कानांचा विभाग तळघरात होता, आवाज पोचू नये म्हणून. विराज सुट्टी घेऊन आला होता. काचेच्या मागे, गादीसारख्या भिंतींच्या खोलीत मानसी केतकीच्या मांडीवर बसली, कानांवर मोठे हेडफोन, आणि आवाज आला की टोपलीत ठोकळा टाकायचा. ती मन लावून खेळली. कितीतरी वेळ ठोकळा हातात धरून काचेपलीकडच्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. बाईंनी मग चेहऱ्यासमोर फाइल धरली. चाळिशीच्या, शांत, बंगाली बाई. नंतर टेबलावर आलेख ठेवून समजावू लागल्या. डाव्या बाजूला जाड आवाज: ढाक, दार, माणसाचा आवाज, मानू ही हाक. तिथे रेघ ठीक होती. उजवीकडे बारीक आवाज, आणि तिथे रेघ कठड्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. स, श, च, फ, तिकडची सगळी मंडळी. "शब्द हिला अर्धा ऐकू येतो," बाई म्हणाल्या, "बाकीचा ती चेहऱ्यावरून भरून काढते. जवळ असलं तर बरंच जमवते. कोणी शिकवलं?"

"कोणी नाही," केतकी म्हणाली.

"दिवसभर तिच्याजवळ कोण असतं?"

"आया."

"कुठली भाषा बोलते?"

विराजने भालचंद्रांकडे पाहिलं. "बोलत नाही," भालचंद्र म्हणाले.

"मुकी आहे?"

"नाही. तसं सांगितलंय तिला."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते बाईंनी फॉर्मवर जरा शोधलं, आणि शेवटी लिहिलंच नाही. त्याआधी कोण होतं, असं विचारलं. खूप बोलणारी एक बाई होती, केतकी म्हणाली, कानाशी तोंड नेऊन बोलायची, म्हणून काढली. बाईंनी मान हलवली, रागाने नाही. रोज असंच काहीतरी ऐकणारं माणूस जशी हलवतं तशी. विराजने विचारलं, "मशीन लावलं की बोलेल?" "ऐकेल," बाई म्हणाल्या. "बोलणं ही पुढची गोष्ट. पहिली तीन-चार वर्षं महत्त्वाची असतात, ती गेली. काही आवाज येतील. किती, ते आज सांगता येणार नाही." केतकीने विचारलं, "आम्ही आता घरात कुठल्या भाषेत बोलायचं?" बाई म्हणाल्या, "कुठल्याही. पण बोला. हे गेलं वर्ष तेवढं..." आणि वाक्य तिथेच सोडून कागद सरळ करू लागल्या. मानसी खाली बसून ठोकळे रंगांप्रमाणे लावत होती. केतकी रडत नव्हती. ती फक्त त्या ठोकळ्यांकडे बघत होती आणि तिचा एक हात दुसऱ्या हाताचं मनगट इतकं घट्ट धरून होता की नखं पांढरी पडली होती. भालचंद्रांना वाटलं की आपण एक गोष्ट तरी सांगितली पाहिजे. तेवढी एकच पेटी त्यांच्याजवळ उरली होती.

"माझ्याजवळ ती 'स' म्हणते," ते म्हणाले. "म्हणजे येतो तिला. मी स्वतः रोज ऐकतो."

"बाबा, पुरे," विराज म्हणाला.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. घराण्यात कोणाला असा त्रास आहे का हे बघायचंच असतं, त्या म्हणाल्या. तिघांचीही तपासणी करून टाकू. विराज आत जाऊन आला, केतकी जाऊन आली. दोघांच्या रेघा सरळ. मग भालचंद्र गेले. जाड दार बंद झालं. हेडफोन गार होते. हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. इतकी वर्षं परीक्षक म्हणून बसलेल्या माणसाला यात अवघड काही नव्हतं, आणि पहिले आवाज आले तसे त्यांनी ते झटकन टिपलेही. मग मध्ये खंड पडला. काचेपलीकडे बाईंचा हात यंत्रावर फिरत होता. त्यांना वाटलं, यंत्रात काही बिघाड असावा, आणि सभ्य माणूस जसा दुसऱ्याच्या बिघाडाकडे दुर्लक्ष करतो तसे ते थांबून राहिले. काचेतून मानसी दिसत होती, केतकीच्या कडेवर. केतकी तिला काहीतरी सांगत होती, सारखं सांगत होती, आणि मानसीचा तळवा तिच्या गालावर होता. खंड फार लांबला. बाईंनी उठून दार उघडलं.

"मेशोमशाई," त्या म्हणाल्या, बंगालीत वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं, "मुलगी 'स' म्हणते की नाही हे तुम्हाला कळणार नाही. तुम्हाला तो ऐकू येत नाही."

भालचंद्र हेडफोन काढायचे विसरले होते. ते बाईंनी काढले.

"कधीपासून?"

"सांगता येत नाही. बरीच वर्षं असेल. हळूहळू जातं, लक्षात येत नाही. जो आवाज यायला हवा तो मन आपला आपणच भरतं."

"म्हणजे तिला हे माझ्याकडून..."

"छे," बाई म्हणाल्या. "तिचं जन्मापासूनचं आहे, वेगळं. तुमचं वयाचं. सत्तरीच्या आसपास असतंच, काही विशेष नाही."

रिपोर्टवरही तेवढंच लिहिलं होतं: वयोमानाप्रमाणे.